टपली मारून टीव्ही दुरुस्त होत नव्हता

जुन्या टीव्हीला एक टपली मारली की तो सुरू व्हायचा, असं हसत हसत सांगणाऱ्या सगळ्यांशी माझं भांडण आहे.

ते रील तुम्ही पाहिलं असेलच. डबा टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, गच्चीवर अँटेना फिरवणारा दादा, खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडणारी ताई, आणि शेवटी बाबा उठून टीव्हीच्या डोक्यावर एक ठेवून देतात. चित्र येतं. खाली बदाम, हसरे चेहरे आणि ‘काय दिवस होते ते!’ रील बनवणारा बहुधा माझ्याच वयाचा असतो. डबा टीव्ही त्याने लहानपणी पाहिलेला असतो, पण उघडलेला कधी पाहिलेला नसतो.

रीलमध्ये जे आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही. जे नाही, त्याबद्दल आहे. काही दिवसांनी तोच टीव्ही टपलीलाही दाद देईनासा व्हायचा. मग तो चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून दुकानात जायचा. तिथे एक माणूस मागचं झाकण काढायचा, थोडा वेळ नुसता बघायचा, दोन-चार ठिकाणी मीटर लावायचा आणि नेमक्या एका जागेवर बोट ठेवायचा. तो माणूस रीलमध्ये नाही.

मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि हळवं होऊन बोलायचं नाही. माझं म्हणणं असं : बिघाड शोधणं हे इंजिनिअरिंगमधलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम आहे. ते आपल्या तालुक्याच्या गावांत, दहा बाय दहाच्या दुकानांत रोज चालायचं. आपण त्याला ‘जुगाड’ म्हणून हसलो, कॉलेजात त्याला जागा दिली नाही, आणि आता वस्तूच अशा विकत घेतो की ते काम कुणाला करता येऊ नये. आणि या सगळ्याला आपण प्रगती म्हणतो.

आधी टपलीचं बघू

टीव्हीच्या आत एक मोठा बोर्ड असतो. त्यावर शेकडो पार्ट, प्रत्येकाचे पाय बोर्डाच्या भोकांतून खाली आलेले आणि सोल्डरने डकवलेले. यातले काही पार्ट जड असतात आणि तापतात : पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर, लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर, ज्याला दुकानात सगळे ‘ईएचटी’ म्हणतात तो हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. टीव्ही रोज संध्याकाळी तापतो, रात्री गार होतो. सोल्डर प्रसरण पावतं, आकुंचन पावतं. अशी काही वर्षं गेली की पायाभोवती केसाएवढी बारीक, अंगठीसारखी गोल चीर पडते. वरून बघाल तर सगळं ठीक दिसतं. पण पाय आणि सोल्डर यांची साथ सुटलेली असते. याला म्हणतात ड्राय सोल्डर.

टपली मारली की हादऱ्याने तो पाय क्षणभर सोल्डरला पुन्हा टेकतो आणि टीव्ही सुरू होतो. म्हणजे टपलीने काहीच दुरुस्त होत नव्हतं. टपलीने एक माहिती मिळत होती : पार्ट जळलेला नाही, कुठेतरी जोड सुटला आहे. घरातले या माहितीवर हसायचे आणि सिनेमा बघत बसायचे. मेकॅनिक तीच माहिती घेऊन पुढे जायचा. टीव्ही चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बोर्डावर हलके ठोके. या कोपऱ्यात ठोकलं तर चित्र हलत नाही. त्या कोपऱ्यात थोडं हलतं. या ट्रान्सफॉर्मरपाशी बोट लावताच जातं. मग टीव्ही बंद, बोर्ड उलटा, भिंग, आणि ती अंगठी.

आपण लक्षात ठेवली ती टपली. भिंग विसरलो.

पडदा स्वतःच बोलतो

डबा टीव्हीचं चित्र म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने अतिवेगाने काढलेली रांगोळी. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जातो, आणि त्याच वेळी ५० वेळा वरून खाली येतो. ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि ती करणारी सर्किटंही वेगवेगळी आहेत. एवढं डोक्यात असलं की पडदा वाचता येतो.

समजा, पडद्याच्या मधोमध एकच आडवी, झगझगीत रेघ आहे, बाकी काळोख. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ट्यूब गेली वाटतं.’ मेकॅनिक काय म्हणतो? रेघ दिसते, म्हणजे पिक्चर ट्यूब जिवंत आहे. उजेड आहे, म्हणजे हाय व्होल्टेज आहे. हाय व्होल्टेज आहे, म्हणजे पॉवर सप्लाय चालू आहे. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे, म्हणजे आडवं सर्किट ठीक आहे. उरलं काय? उभं सर्किट. झोत खाली-वर जात नाही एवढंच. एकही स्क्रू न काढता बहुतेक टीव्ही निर्दोष सुटला आणि संशयित उरले चार-पाच : व्हर्टिकलचा आयसी, त्याचा सप्लाय, दोन-तीन कंडेन्सर, योकची वायर.

आता उलटं. पडद्यावर एकच उभी रेघ. वाटेल की मग आडवं सर्किट गेलं. पण थांबा. ट्यूबला लागणारं पंचवीस हजार व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज याच आडव्या सर्किटमधून, त्या ईएचटीमधून तयार होतं. ते सर्किट मेलं असतं तर उभी रेघसुद्धा दिसली नसती, पडदा काळाच राहिला असता. म्हणजे सर्किट चालू आहे, पण त्याची ताकद ट्यूबच्या मानेवरच्या योकपर्यंत पोचत नाही. योकचा प्लग बघा, त्याच्या पायाचं सोल्डर बघा. बहुतेकदा तिथे जळाल्याचा काळा डागच सापडायचा.

हे तर्कशास्त्र आहे. दिसत असलेल्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टी नक्की करत जाणं. डॉक्टरने केलं की आपण त्याला निदान म्हणतो, शेरलॉक होम्सने केलं की बुद्धिमत्ता. शर्टाच्या खिशात टेस्टर असलेल्या माणसाने केलं की आपण म्हणतो, ‘हां, अनुभव आहे त्याला.’

बल्बची गोष्ट

टीव्ही पूर्ण बंद असेल तेव्हा पडदा बोलत नाही. फ्यूज उडालेला असतो. फ्यूज बदलणं हे कुणालाही सुचतं. पण फ्यूज कशामुळे उडाला हे न शोधता नवा घातला, तर तोही उडतो, आणि कधी कधी जाताना एखादा महागडा पार्ट सोबत घेऊन जातो.

यावर दुकानादुकानांत एक उपाय होता : सिरीज बल्ब. साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब टीव्हीच्या वाटेत सिरीजमध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, सगळा दाब स्वतःवर घेतो आणि टीव्ही वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब सुरुवातीला क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तो क्षणभराचा उजेड म्हणजे आतला मोठा कंडेन्सर भरत असल्याची खूण. पंधरा रुपयांच्या बल्बमध्ये सुरक्षाही आहे आणि मोजमापही.

शॉर्ट आहे हे कळलं. पण तो पॉवर सप्लायमध्ये की पुढच्या लाइन आउटपुटमध्ये? इथे दुसरा बल्ब. लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर काढून टाकायचा आणि पॉवर सप्लायच्या आउटपुटला बल्बचं ओझं द्यायचं. २१ इंची टीव्हीत तिथे साधारण ११० ते ११५ व्होल्ट अपेक्षित असतात. बल्ब स्थिर पेटला आणि मीटरवर व्होल्टेज बरोबर आलं, तर सप्लाय निर्दोष, पुढे शोधा. नाही आलं, तर पुढचं सगळं निर्दोष, मागे शोधा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. मग पुन्हा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘गिट बायसेक्ट’ नावाची सोय आहे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने प्रोग्रॅम मोडला हे शोधायचं असेल, तर ती मधला बदल तपासते, अर्धे बाजूला काढते, उरलेल्यांचा मधला तपासते. साधारण दहा पावलांत गुन्हेगार सापडतो. इंटरव्ह्यूमध्ये हीच कल्पना ‘बायनरी सर्च’ म्हणून विचारतात आणि ती फळ्यावर लिहिता आली की नोकरी मिळते. बल्बवाल्या माणसाने तीच कल्पना तापलेल्या बोर्डावर, हाताला झटका बसायची शक्यता असताना, गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असताना वापरली. त्याला आपण ‘टीव्हीवाला’ म्हणालो.

झटक्याचं थोडं सांगायलाच हवं, कारण रील बघून कुणी माळ्यावरचा डबा उघडायला घेईल. घेऊ नका. पिक्चर ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर असतो : आतून एक लेप, बाहेरून एक लेप, मध्ये काच. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही राहतो. दुकानातली पहिली शिकवण हीच असायची की आधी डिस्चार्ज, मग हात. तेही एकच हात, दुसरा खिशात, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही. ‘जुगाड’ म्हणवल्या जाणाऱ्या कामात अशी कडक शिस्त असते का?

शिट्टी

कऱ्हाडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेला सुट्टी लागली की मी तिथे जाऊन बसायचो. मला बसू देण्याचं एक कारण होतं आणि ते काकांनी लपवलं नव्हतं. बंद पडलेला टीव्ही चालू करायचे आणि मला म्हणायचे, ‘बारक्या, शिट्टी येतीय का बघ.’

डबा टीव्हीतून एक फार बारीक, उंच शिट्टी यायची. आडव्या सर्किटच्या १५,६२५ च्या ठेक्यावर ईएचटी थरथरतो, त्याचा तो आवाज. लहान मुलांना तो स्पष्ट ऐकू येतो. वय वाढतं तसं कानांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होत जातं आणि ही शिट्टी ऐकूच येत नाही. काकांना येत नव्हती. म्हणून मी त्यांचा मीटर होतो. मी ‘येतीय’ म्हणालो तर आडवं सर्किट चालू, पडदा काळा असण्याचं कारण दुसरीकडे. ‘न्हाई’ म्हणालो तर मागे.

मी नुसतं ‘व्हर्टिकल गेलंय’ असं काही बोललो की काका विचारायचे, ‘कशावरनं?’ उत्तर बरोबर असलं तरी विचारायचे. विशेषतः बरोबर असलं तर विचारायचे. जो कारण न शोधता पार्ट बदलत सुटतो त्याला ते ‘बदलू’ म्हणायचे. त्यांच्या तोंडची ती सगळ्यात मोठी शिवी होती.

कॉलेजातला बिघाड

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमला गेलो. एका सेमिस्टरला टीव्हीचं प्रॅक्टिकल होतं. गुलाटींचं ‘मोनोक्रोम अँड कलर टेलिव्हिजन’ हे जाडजूड पुस्तक आमच्या आधीच्या कित्येक बॅचनी वाचलेलं होतं, आम्हीही वाचलं. पुस्तक उत्तम आहे. तक्रार लॅबची आहे.

लॅबमध्ये टीव्हीचं ट्रेनर किट होतं. मोठ्या पॅनेलवर सगळं सर्किट छापलेलं आणि बाजूला ओळीने स्विच. स्विचवर लिहिलेलं : फॉल्ट १, फॉल्ट २, फॉल्ट ३. एक स्विच दाबला की पडद्यावर आडवी रेघ. जर्नलमध्ये लिहा : निरीक्षण, आडवी रेघ, कारण, व्हर्टिकल आउटपुट. दुसरा दाबला की रंग गायब. लिहा. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये सगळं होतंच. सह्या झाल्या, सबमिशन झालं.

काय शिकवलं आम्हाला? बिघाडाला नंबर असतो. तो कुठे आहे हे आधीच माहीत असतं. तो एका बोटाने येतो आणि एका बोटाने जातो. खरा बिघाड यातलं काहीच पाळत नाही. तो कधी येतो, कधी येत नाही, एका कारणाच्या आड दुसरं कारण लपवतो आणि त्याच्या अंगावर नंबर नसतो. चार वर्षांत एकदाही आमच्या समोर एक बंद पडलेली वस्तू ठेवून ‘काय झालंय ते आम्हालाही माहीत नाही, शोधा’ असं कुणी म्हटलं नाही. डिग्रीत जे एकदाही घडलं नाही ते गल्लीच्या तोंडाशी दिवसातून सहा वेळा घडत होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ मध्ये रंग आले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ही दुकानं गावोगाव पोचली. त्यांचा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून यायचा, सर्किट डायग्रामची पुस्तकंही तिथेच मिळायची. कुणी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेला, कुणी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत शिकलेलं. या लोकांनी एवढं मोठं जाळं उभं केलं, आणि आपल्या समाजाने त्यांना ‘मिस्त्री’च्या रांगेत बसवलं. आपल्याकडे ज्ञानाची प्रतवारी अजूनही हात किती मळतात यावरच ठरते. ज्याचे हात स्वच्छ तो साहेब. ही वर्गवारी कुठून आली हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

‘पॅनेल बदलावं लागेल’

गेल्या वर्षी घरचा एलईडी टीव्ही गेला. आवाज येत होता, चित्र नव्हतं. कंपनीचा माणूस आला. त्याने प्लग काढून पुन्हा लावला, रिमोटची बटणं दाबली, फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि सांगितलं, पॅनेल गेलं. नवं पॅनेल पंधरा हजार. टीव्ही एकोणीस हजारांचा. ‘त्यापेक्षा एक्स्चेंज ऑफर बघा.’ मी विचारलं, पॅनेल गेलं हे कशावरून? तो प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, ‘सर, आम्हाला बोर्ड उघडायची परवानगी नाही. ॲपमध्ये लक्षण निवडलं की कोणता पार्ट ते येतं.’

मी संध्याकाळी खोलीतले दिवे बंद केले आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरला. काळ्या पडद्यावर टॉर्चच्या गोलात बातम्या देणारी बाई दिसत होती. चित्र येत होतं! पॅनेल जिवंत होतं, फक्त त्याच्या मागचा उजेड गेला होता. हा उजेड म्हणजे छोट्या एलईडींच्या पट्ट्या, आणि त्या सहसा सिरीजमध्ये असतात. एक दिवा गेला की अख्खी माळ विझते, दिवाळीच्या जुन्या माळेसारखी. एका छोट्या दुकानात पट्ट्या बदलल्या. मजुरी धरून दोन हजार दोनशे.

या गोष्टीत मला त्या पोराचा राग येत नाही. त्याचं वय तेवीस-चोवीस असेल. त्याला निदान करायला बंदी आहे. कंपनीला असा माणूस नको आहे जो ‘कशावरून’ विचारेल. तिला असा माणूस हवा आहे जो यादीतला पार्ट सांगेल. म्हणजे काका ज्याला ‘बदलू’ म्हणायचे ते आता नोकरीचं नाव आहे.

उलट बाजूचे मुद्दे

पहिला मुद्दा : आजच्या वस्तू फार गुंतागुंतीच्या आहेत, त्या दुरुस्त होणारच नाहीत. काही भाग खरंच होत नाहीत. पण गुंतागुंत डबा टीव्हीतही वाढतच गेली होती. नव्वदच्या दशकात टीव्हीच्या सिग्नलचं बरंचसं काम एका आयसीत आलं. मेकॅनिक त्यालाही पुरून उरले, कारण कोणत्या पायावर किती व्होल्टेज हवं हे सांगणारी माहिती मिळत होती. आज अडवते ती गुंतागुंत कमी आणि लपवाछपवी जास्त. आयसीवरचे नंबर खरवडलेले, पार्ट बाजारात येऊ न दिलेले, सर्किट डायग्राम कंपनीच्या बाहेर न सोडलेलं.

दुसरा मुद्दा : डबा टीव्ही वाईटच होते. होते. जड होते, वीज खायचे, काचेत शिसं होतं. ते गेले याचं मला दुःख नाही आणि ते परत यावेत असंही मला वाटत नाही. वस्तू जायला हरकत नाही. वस्तूबरोबर ती उघडून बघायचा हक्कही जावा याला हरकत आहे.

तिसरा मुद्दा : मेकॅनिक फसवायचे. फसवायचे. छोटा रेझिस्टर गेलेला असताना ‘ट्यूब गेली’ सांगणारे होते, चांगला पार्ट काढून जुना घालणारे होते. पण तेव्हा तुम्ही टीव्ही उचलून पुढच्या चौकात नेऊ शकत होता. दुसऱ्या मेकॅनिककडेही तसाच मीटर आणि तसंच सर्किटचं पुस्तक होतं, त्यामुळे पहिल्याची थाप पकडली जायची. आता माहिती एकाच्याच हातात आहे. फसवणूक गेलेली नाही, तिला युनिफॉर्म मिळाला आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात व्यवहारी : दुरुस्ती परवडत नाही, नवीनच घेणं स्वस्त पडतं. पंधरा हजारांच्या पॅनेलची गोष्ट वर सांगितली आहे. दुरुस्ती महाग पडते कारण तिचा दर ठरवणाराच नवीन टीव्ही विकणारा आहे.

माझ्या धंद्यात

हे सगळं टीव्हीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मी रोज ऑफिसात तेच बघतो. सर्व्हर अडकला की रीस्टार्ट. आता तर तेही हाताने करावं लागत नाही, यंत्रणा आपोआप मेलेला प्रोग्रॅम काढून नवा उभा करते. रात्री तीन वाजता ते वरदान असतं. पण सकाळी कुणी ‘का मेला होता?’ विचारत नाही. कारणमीमांसेचा फॉर्म असतो, त्यात ‘तात्पुरती अडचण’ असं लिहून तिकीट बंद होतं. तो टपली मारून चालू झालेला टीव्ही आहे. फक्त आता टपली मारायला मशीन ठेवलं आहे.

त्यात एआय आलं. एरर कॉपी करायची, त्याला द्यायची, उत्तर चिकटवायचं. चाललं तर पुढे, नाही तर पुन्हा. हे साधन मीही वापरतो आणि ते चांगलं आहे. पण पाच उत्तरं लागोपाठ चिकटवून बघणं आणि पाच पार्ट लागोपाठ बदलून बघणं यात काय फरक आहे? सहाव्यांदा चाललं तरी नेमकं काय मोडलं होतं हे कळलेलं नसतं. ज्याला बिघाड कळला नाही त्याला वस्तूही कळलेली नसते. ती फक्त चालू आहे तोवर त्याची आहे.

आणि आपल्या पिढीच्या हातात किती गोष्टी अशा आहेत बघा. फोन, गाडी, बँकेचं ॲप, शेतातल्या पंपाचा स्टार्टर. सगळं चालू आहे तोवर आपलं. बंद पडलं की आपण फोन कानाला लावून ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ ऐकत बसतो.

मग करायचं काय

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू केलं. पाऊल चांगलं आहे. पण सर्किट डायग्राम आणि सुटे पार्ट बाहेरच्या मेकॅनिकला द्यायची सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही. युरोपात १ मार्च २०२१ पासून टीव्हीसाठी नियम आहे : मॉडेलचा शेवटचा टीव्ही बाजारात आल्यानंतरही किमान सात वर्षं पॉवर सप्लाय, कनेक्टर असे पार्ट दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. त्या यादीत ४०० मायक्रोफॅरडपेक्षा मोठे कंडेन्सरसुद्धा आहेत. कायदा करणाऱ्यांना कंडेन्सर माहीत असावा, ही मला फार देखणी गोष्ट वाटते. आपल्याकडे ही मागणी कंपन्यांकडून येणार नाही, ती गिऱ्हाइकांनीच लावून धरावी लागेल.

इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी माझी मागणी स्वस्त आहे. ट्रेनर किटच्या किमतीत भंगारातून पन्नास बंद वस्तू येतील. चार्जर, मिक्सर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर. प्रत्येक गटाला एक द्या. काय बिघडलंय हे सरांनाही माहीत नको. शहरातला एखादा जुना टीव्ही मेकॅनिक परीक्षक म्हणून बोलवा, आणि त्याला मानधन प्राध्यापकाएवढं द्या. वस्तू सुरू झाली का याला मार्क देऊ नका. बिघाड कसा शोधला, कोणत्या गोष्टी कशाच्या आधारावर निर्दोष सोडल्या, याला द्या.

आणि तुमच्यासाठी, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्यांसाठी, एवढंच. तुम्हाला सोल्डरिंग यायची गरज नाही. पण उद्या कुणी तुम्हाला ‘बोर्ड गेला’, ‘पॅनेल गेलं’, ‘सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं, तर मान डोलवून एक्स्चेंज ऑफर बघायच्या आधी एक प्रश्न विचारा : कशावरून? समोरच्याकडे उत्तर असेल तर तो कारागीर आहे, त्याला पूर्ण पैसे द्या आणि त्याचा नंबर जपून ठेवा. उत्तर नसेल तर वस्तू उचला आणि पुढच्या चौकात न्या. तिथे अजून एखादं दुकान असेल. ते टिकवणं आपल्या हातात आहे.